दिवाळीनंतरची पोटदुखी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्याकडे पोटदुखीची साथ येते. आधी दुसरीतली दोघं-तिघं, मग पहिलीतली, मग चौथीतला एखादा धटिंगणसुद्धा. "मॅडम, पोटात दुखायलंय." कुठं दुखतंय विचारलं तर हात बेंबीपासून छातीपर्यंत कुठंही फिरतो. ताप नसतो, उलटी नसते. खिचडीची वेळ झाली की कधी थांबतं, कधी वाढतं. दवाखान्यात नेलं की जंताची गोळी मिळते. ती द्यायला काही हरकत नसते, जंत असतातच. पण त्याच आठवड्यात गावातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, आणि पोट दुखणाऱ्यांची यादी नि आई-बाप गेलेल्यांची यादी शेजारी ठेवली तर दोन्ही जवळपास एकच निघतात.

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. गावाचं नाव लिहीत नाही आणि मुलांची नावं बदलली आहेत, कारण हा मजकूर उद्या त्यांच्यापैकीच कुणीतरी मोबाइलवर वाचेल. बालाघाटाच्या रांगेतली हलकी, कोरडवाहू जमीन. बाजरी, तूर, कापूस हाताला लागला की शिवारात काम उरत नाही. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (मजुरीपोटी आगाऊ पैसे) पावसाळ्यातच घरात आलेली असते आणि बियाणं, आजारपण, लग्न यांत बहुतेक संपलेलीही असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाला की कोयते निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, काही टोळ्या थेट बेळगाव-बागलकोटकडं. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलात हंगाम बंद होईपर्यंत, परत येणं नाही.

पूर्वी पोरंही सोबतच जायची. फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, त्यातच पाच-सहा महिने. मोठी बहीण धाकट्याला सांभाळणार, शाळा सुटणार, एप्रिलात परत आल्यावर अक्षरं विसरलेली. त्यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहं आली. आमच्याकडे वसतिगृह म्हणजे मोठी इमारत वगैरे नसते. पोरं रात्री आजी-आजोबांकडं घरी झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत मिळतं, दुपारी पोषण आहार असतोच. त्यामुळं पट टिकला, वाचता येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि ऊसाच्या फडातले साप, आगी, ट्रॅक्टरची चाकं यांपासून पोरं लांब राहिली. मी या व्यवस्थेच्या बाजूची आहे. पोरांनी गावातच राहावं म्हणून मीच आई-बापांच्या मागं लागते. म्हणूनच त्याची किंमत पोरगं कशी चुकवतं हे सांगणंही मला माझं काम वाटतं.

शाळेतल्या मानसिक आरोग्यावर हल्ली प्रशिक्षणं होतात. पहिली स्लाइड बहुतेक ठिकाणी एकच असते: निम्मे मानसिक विकार वयाच्या चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खरं आहे. मग दीर्घ श्वसन, मग हसऱ्या नि रडक्या चेहऱ्यांचा तक्ता, मग चहा. आणि सरकारी योजनांकडं बघाल तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, पण तो दहा ते एकोणीस वयासाठी. माझी पोरं सहा ते दहाची. दहाच्या आतल्या पोराला मन नसून नुसतं पोटच असतं अशी काहीतरी समजूत असावी. तसं असेल तर ती अगदीच चुकीची नाही, कारण या वयाची पोरं मनाचं सगळं पोटातच ठेवतात.

तर आम्ही काय करतो ते सांगते. यात मोठं काही नाही आणि सगळं जमतं असंही नाही.

सुरुवात नवरात्रात होते. गावाची पद्धत अशी की गाडी रात्री निघते आणि पोरं झोपेत असतानाच निघते. नाहीतर पोराला दुकानात गोळ्या आणायला पाठवायचं, तेवढ्यात गाडी वळणापलीकडं. कुणी दुष्टपणानं करत नाही हे. एका बापानं मला सरळ सांगितलं, "मॅडम, ते रडायलं तर माझा पाय निघायचा नाही. आन् उचल तर खाऊन बसलोय." यावर काय बोलणार? पण पोराच्या बाजूनं बघा. रात्री आईच्या कुशीत झोपलं आणि सकाळी गोधडीत आई नाही. त्याला एवढंच कळतं की आपण झोपलो की माणूस जातं. मग ते झोपत नाही. आठ दिवसांनी आजी शाळेच्या दारात उभी: "बाई, ह्याला कुणाची नजर लागली का बघा, रातभर टुकुटुकु बघायलंय."

म्हणून नवरात्रातल्या पालकसभेत कोण जाणार, कोण कुणाकडं राहणार याची यादी झाली की मी एकच मागणं मागते. जाताना पोराला जागं असताना, तोंडावर सांगून जा. कुठं चाललो, कशासाठी चाललो, आणि तुझ्या डोक्याला तेल कोण लावणार, तुला भाकरी कोण करणार. बाया म्हणतात, लई रडंल. रडू द्या. रडून मोकळं झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी खातं, हे मी बघितलंय. चोरून सोडलेलं पोरगं ताट पुढं घेऊन बसतं. पहिली काही वर्षं या मागण्याला कुणी फारशी दाद दिली नाही. मग एका मुकादमाच्या बायकोनं ऐकलं, तिनं आपल्या टोळीतल्या बायांना सांगितलं, आणि आता त्या टोळीची गाडी दिवसाउजेडी निघते. पोरं शाळेच्या फाटकापर्यंत गाडीसोबत पळतात, धुळीत उभी राहतात, रडतात. बघवत नाही. तरी तेच बरं.

परत कधी येणार हे सांगताना मात्र जपायला लागतं. पोरांचं कॅलेंडर सणांचं असतं. संक्रांत, शिवजयंती, होळी, पाडवा. आई सहज म्हणून जाते, "पाडव्याला येते." कारखाना काही पाडव्याला विचारून बंद होत नाही. ऊस जास्त असेल तर हंगाम लांबतो आणि पाडव्याच्या दिवशी पोरगं सकाळपासून एसटीच्या थांब्यावर. या बाबतीत आमच्या गावानं सगळ्यात वाईट वर्ष बघितलं ते २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि माणसं कारखान्यांच्या पट्ट्यातच अडकली. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना गावी यायची परवानगी मिळाली. तोवर इथं मागं राहिलेल्या पोरांना रोज "उद्या येतील" सांगितलं जात होतं, आणि शाळाही बंद. पुढच्या हंगामात बऱ्याच घरांनी पोरं सोबतच नेली, कारण इथं ठेवून काय उपयोग? ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडले तेव्हा आमची निम्मी बाकं ऊसाच्या फडात होती. त्या "उद्या"चा माझ्यावर इतका परिणाम झाला की आता मी आई-बापांना सणाचं नाव घेऊच देत नाही. "ऊस संपला की येणार, आणि संपत आला की फोन करून सांगणार," एवढंच म्हणा. तारीख नसली तरी चालते. मोडणारी तारीख नको.

वर्गात महाराष्ट्राचा मोठा नकाशा आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपापल्या जिल्ह्यापुरतं असतं, आणि आमच्या तिसरीतल्या पोरांची आई तीन-चार जिल्हे ओलांडून असते. म्हणून दिवाळीनंतरचा पहिला पाठ या नकाशावर. आजीच्या डबीतल्या टिकल्या आणायच्या आणि आपले आई-बाप जिथं असतील तिथं लावायच्या. टोळी दुसऱ्या गटाला हलली, फोनवर कळलं, की टिकली हलवायची. अंतर मोजायचं, वाटेतल्या नद्या बघायच्या. भीमा ओलांडायची, कृष्णा लागायची. "मम्मी कुठं हाय?" या प्रश्नाला बोट ठेवता येईल असं उत्तर मिळालं की पोरं जरा सैलावतात. एकदा यावरून मारामारी झाली. कर्नाटकात गेलेल्यांच्या टिकल्या नकाशाच्या बाहेर, भिंतीच्या चुन्यावर लागल्या होत्या आणि कुणीतरी चिडवलं, "तुझी आय तर नकाशातच न्हाई." चिडवणारा नाकातून रक्त येईपर्यंत मार खाऊन आला. त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून बेळगाव नि बागलकोट कागदावर काढले, रंगवले आणि खालच्या बाजूला चिकटवले. शेजारच्या राज्याचा भूगोल एवढ्या मनापासून कुठल्या वर्गानं शिकला नसेल.

फोनची गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. फडात पहाटे चारलाच उतरतात. तोडणी, मोळ्या, मग गाडी भरणं. गाडी रात्री आली तर रात्री. घरात एकच फोन आणि तो बापाच्या खिशात. चार्जिंग कुठल्यातरी हॉटेलात नाहीतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. त्यामुळं रात्री अकराला फोन येतो आणि पोरं तोवर जागी. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका असा निर्णय काढला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. शहरात त्याची बरीच चर्चा झाली. आमची शाळा भरतेच साडेदहाला, आणि तरी साडेअकराला दुसरीचा वर्ग पेंगत असतो. आता आम्ही आवाजी निरोप वापरतो. दुपारच्या सुट्टीत ज्याला बोलायचं असेल त्यानं माझ्या फोनवर बोलायचं, मी पाठवते. आई जेव्हा कोपीवर येईल तेव्हा ऐकेल, उत्तर देईल, ते दुसऱ्या दिवशी ऐकवते. सगळ्यांसमोर नाही. लिंबाखाली, एकेकट्याला. कारण काहींचा निरोप येतच नाही, आणि दहा जणांच्या आया बोलल्या नि आपली बोलली नाही हे वर्गासमोर कळण्यासारखं दुसरं दुखणं नाही. पोरं बोलतात तरी काय? "जेवली का? मी जेवलो. ठेवू?" मग बराच वेळ नुसता श्वास. तोही मी तसाच पाठवते.

पोटदुखीवाल्याचं काय करायचं हेही ठरलेलं आहे. आधी ते दुखणं खरं धरायचं. कपाळाला हात लावायचा, शेवटचं कधी खाल्लं विचारायचं, परसाकडची चौकशी करायची, ताप किंवा उलट्या असतील तर आरोग्य केंद्रात. तसं काही नसेल तर माझ्या टेबलाजवळ सतरंजीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि हाताला काही काम. ताटं मोज, खडू रंगांप्रमाणे लाव. "नाटक करतंय" हा शब्द आमच्या शाळेत बंद आहे. माझे सहकारी गुरुजी सुरुवातीला वापरायचे, आता तेच दुसऱ्यांना टोकतात. अर्ध्या तासानं पोरगं आपणहून उठून जागेवर जातं. एखादं जात नाही, तिथंच झोपतं. झोपू द्यावं. सत्तावीसचा पाढा एक दिवस उशिरा पाठ झाला म्हणून कारखाना बंद पडत नाही.

गावातल्या मोठ्या माणसांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जाते. पारावर बसलेला कुणीतरी जाणाऱ्या पोराला थांबवतो: "काय रं, तुझी आय तिकडंच राह्यलीय म्हणं, दुसरं पोरगं केलंय तिनं." सगळे हसतात. पोरगंही हसतं आणि रात्री अंथरूण ओलं करतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं, पण ते शाळेच्या आत. पाराला कलम नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक सदस्य म्हणाले, गंमत असते हो मॅडम. मी विचारलं, तुमच्या नातवाला करू का? आता निदान शाळेच्या रस्त्यावर ती गंमत कमी झाली आहे.

रूपालीबद्दल लिहायलाच हवं. चौथीत, आणि धाकटा भाऊ चार वर्षांचा. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. त्यामुळं भावाची आंघोळ, शेंबूड, पाण्याची कळशी सगळं रूपालीकडं. शाळेत येते तेव्हा अकरा वाजलेले. अशा मुली शिक्षकांना फार आवडतात. समजूतदार, न सांगता फळा पुसणाऱ्या, लहानांना सांभाळणाऱ्या. पटकन त्यांनाच मॉनिटर करतात, खिचडी वाढायला उभं करतात, पाहुणे आले की स्वागतालाही त्याच. मी रूपालीला शाळेत एकही काम देत नाही. अगदी एकही नाही. अंगणवाडीच्या ताईंशी बोलून भावाला दुपारी जरा जास्त वेळ तिथं ठेवतो आणि रूपालीनं त्या वेळात लंगडी खेळायची, एवढीच सक्ती. सुरुवातीला ती मैदानाच्या कडेला उभी राहून अंगणवाडीच्या दाराकडं बघत राहायची. संक्रांतीच्या सुमाराला एकदा खेळात चिडून तिनं एका पोरीची वेणी ओढली. तिची तक्रार आली तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं, अर्थात चेहरा कडक ठेवून मी तक्रार ऐकून घेतली.

आता जानेवारी. माझ्या मते खरी काळजी करण्याचा महिना हा आहे, आणि नेमका याच महिन्यात सगळे निर्धास्त होतात. पोटदुखी थांबते. रडणं थांबतं. आजी सांगते, "रुळलं आता, आईचं नावबी काढत न्हाई." दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन या दोघांनी रुग्णालयात ठेवलेली लहान मुलं पाहिली. तेव्हा तिथं आई-बापांना भेटायची वेळ अगदी थोडी असायची. आधी मूल आकांत करतं, मग गळून जातं, मग अलिप्त होतं. आणि या तिसऱ्या टप्प्यावर परिचारिका म्हणायच्या, आता मूल छान रुळलं. आई आली की हेच रुळलेलं मूल तिच्याकडं पाठ फिरवायचं. ती मुलं माझ्या पोरांपेक्षा लहान होती, रुग्णालय वेगळं, आजीचं घर वेगळं. तरी हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतला जानेवारी दिसला. पुढं १९५९ मध्ये तिथल्या एका सरकारी समितीनं, प्लॅट समितीनं, मुलांच्या वॉर्डात आई-बापांना मोकळेपणानं येऊ द्या अशी शिफारस केली. आमच्या पोरांच्या आयांना मोकळेपणानं येता येईल असा कुठला अहवाल नाही, उचल फिटल्याशिवाय त्यांना येता येत नाही.

मग आम्ही करतो काय, तर जानेवारीत गप्प पोरांची यादी काढतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी असतात, आणि त्या नोंदवह्यांत "शांत", "शिस्तप्रिय", "समंजस" हे शब्द कौतुक म्हणून पडतात. मी नोंदीत मागचं-पुढचं लिहिते: ऑक्टोबरात कसा होता, आता कसा आहे. ऑक्टोबरात बडबड करणारा जानेवारीत समंजस झाला असेल तर त्याच्यापाशी जाऊन बसायची वेळ झाली. त्याच्याशी आईबद्दल मीच विषय काढते. आईची भाजी कुठली चांगली होते, ती रागावली की काय म्हणते. पोरगं दचकतं, कधी उठून जातं. पण आईचं नाव घरात निघेनासं झालं असेल तर निदान शाळेत निघावं. शनिवारी आम्ही आज्यांना बोलावतो. शासनाच्या आनंददायी शनिवारच्या उपक्रमात ते बसतं, त्यामुळं कागदही खूश. आज्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात, पोरांच्या आया लहानपणी कशा होत्या ते सांगतात. अर्थात ज्या आजीच्या लेकीचं पोर तिच्याकडं असतं तिलाच ते सांगता येतं, बाकीच्या आपल्या लेकाच्या खोड्या सांगतात. यात आज्यांचंही जरा मन मोकळं होतं. गुडघे गेलेले, आणि चार-चार नातवंडं पदरात. आजी वैतागून पोराला धपाटा घालते तेव्हा तिच्याही कुणी पाठीवर हात ठेवायला हवा असतो.

आणि मग पट्टा पडतो. गाड्या परत येतात. गावाला वाटतं आता सगळं संपलं, गोड झालं.

अजय दुसरीत होता. आई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली ती सरळ शाळेतच, डोक्यावरचं गाठोडंही घरी टाकलं नव्हतं. हा उठून माझ्या खुर्चीमागं लपला. ती हात पुढं करतेय, हा बघतोय भिंतीकडं. "अजू, मी हाय रं." शेवटी ती गाठोड्यावर बसून रडायला लागली आणि सगळा वर्ग तिच्याकडं बघत राहिला. नंतर ती मला म्हणाली, "आजीनं माझ्याइरुद्ध कान भरले का?" बिचाऱ्या आजीचा काही दोष नव्हता. मी तिला सांगितलं, तो तुम्हाला विसरला नाही, तुमच्यावर रुसलाय. आणि ज्याच्यावर हक्क असतो त्याच्यावरच रुसतात. ओढू नका, मांडीवर घेऊ नका, नुसत्या त्याच्या आसपास राहा. त्या आठवड्यात ती रोज दुपारी शाळेत खिचडी वाढायला मदतीला यायची. अजय आधी दुसऱ्या बाईकडून वाढून घ्यायचा. मग तिच्याकडून, पण न बघता. मग एक दिवस "मला जास्त दे" म्हणाला. सासू-सुनांची भांडणं, घेतलेल्या उचलीचे हिशोब, घरं शेकारणं, हे सगळं याच दिवसांत असतं, त्यामुळं पोराच्या रुसव्याला वेळ देणं आईला सोपं नसतं. आणि मे उजाडला की शाळेला सुट्टी. म्हणजे ज्या दिवसांत आम्ही सगळ्यात जास्त उपयोगी पडलो असतो त्याच दिवसांत शाळेला कुलूप. म्हणून परतीची पालकसभा आम्ही एप्रिलातच घेतो, जेवढे आले असतील तेवढ्यांना घेऊन, आणि अजयच्या आईसारख्या आधीच्या वर्षीच्या आयांनाच बोलायला लावतो. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात.

काही पोरांना हे सगळं पुरत नाही. महिनाभर झोप नाही, खाणं सुटलंय, स्वतःला चावतंय, नाहीतर कुणी त्रास देतंय असा संशय आहे. शेवटच्या बाबतीत थांबायचं नाही, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ लावायची. बाकीच्यांसाठी जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय, पण आजीला एसटीनं तिथं जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि उरलेली नातवंडं कुणाकडं ठेवायची हा प्रश्न. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आजी आपणहून तो कधीच लावणार नाही. मी शाळेतून लावते, आजीला शेजारी बसवते आणि फोन तिच्या हातात देते. अंथरुणात लघवी करणाऱ्या एका पोरीसाठी असा फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी आधी लघवी तपासून घ्यायला सांगितलं, मग आजीला विचारलं, की ओलं झाल्यावर तुम्ही काय करता? आजी म्हणाली, डाग देईन म्हणून भ्या दाखवते. त्यांनी तिला न रागावता समजावलं. ते आजीनं माझं ऐकलं नसतं; फोनवरच्या डॉक्टरीणबाईचं ऐकलं. त्या डॉक्टर होत्या की समुपदेशक हे मीही तिला सांगत बसले नाही.

एवढं लिहिलं ते मुख्यतः त्या शिक्षकांसाठी, ज्यांच्या शाळा कारखान्यांच्या पट्ट्यात आहेत. आमची काही पोरं दरवर्षी आई-बापांसोबत जातातच, आणि नोव्हेंबरात तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात, नाहीतर फडावरच राहतात. त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या पोराला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड, असायला हवं. बऱ्याचदा ते पत्र्याच्या पेटीत राहतं नाहीतर भिजतं. कार्ड नसलं, दाखला नसला तरी बसवून घ्या. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमातच आहे. पोरगं आमच्या बोलीत बोलेल, "जायलो", "करायलो" म्हणेल, तर वर्गाला हसू देऊ नका. गावाचं नाव विचारा, तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावा. ते कुठलं पुस्तक अर्धं सोडून आलंय, कुणाची आजी वारली, कुणाला फिट येते, कुणाला अंधाराची भीती आहे, हे आम्हाला माहीत असतं आणि कुठल्याच कार्डावर त्याला रकाना नाही. फोन शक्यतो दुपारच्या सुट्टीत करा. तेव्हा मी लिंबाखाली असते आणि तिथंच काय ती रेंज येते.